‘करू की!’ म्हणणारे सर

आमच्या सरांच्या व्हिजिटिंग कार्डावर कंपनीच्या तीन शाखा छापलेल्या होत्या: शिरूर, दौंड आणि ग्लोबल. शिरूर म्हणजे एसटी स्टँडमागच्या कृषी सेवा केंद्राच्या माडीवरच्या दोन खोल्या. तिथं आम्ही बसायचो आणि खालून युरियाचा वास वर यायचा. दौंड म्हणजे रेल्वे लाइनीपलीकडचं सरांचं राहतं घर. त्याच्या दारावर ‘हेड ऑफिस’ अशी पाटी होती आणि पाटीखाली दोरीवर बनियनी वाळत असायच्या. ग्लोबल म्हणजे सरांचा मेहुणा. तो मस्कतमध्ये एसी दुरुस्त करायचा.

गिऱ्हाइकानं काही अवघड मागितलं की सर म्हणायचे, “एक मिनिट हं, ग्लोबलला विचारतो.” आणि ते खरोखर मेहुण्याला फोन लावायचे. मेहुणा तिकडून विचारायचा, “दाजी, ताईची कंबर कशी हाय आता?” सर गंभीर चेहऱ्यानं “हं, हं” करत ऐकायचे, फोन ठेवायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, “तिकडनं ग्रीन सिग्नल आला.”

सर रोज दौंडहून न्हावरे मार्गे एसटीनं यायचे. गाडी होती, पण ती दारात उभी. “गाडीत बसलं की माणूस एकटा पडतो,” असं ते म्हणायचे. खरं कारण वेगळं होतं. एसटीत त्यांना गिऱ्हाईक मिळायचं. मागच्या सीटवरच्या कोंबडीवाल्याला उतरेपर्यंत त्यांनी सॉफ्टवेअर विकलेलं असायचं. त्या माणसाकडं कॉम्प्युटर नाही, हे नंतर कळायचं.

कंपनीत आम्ही सगळे व्हाइस प्रेसिडेंट होतो. दोघे व्हाइस प्रेसिडेंट गिऱ्हाइकांकडे प्रिंटर बसवत फिरायचे. तिसरी रुबीना, निमोण्याच्या शेतकऱ्याची मुलगी. सॉफ्टवेअर प्रत्यक्षात लिहिणारी ती एकटी होती. सरांना स्वतःला त्यातलं काही येत नव्हतं आणि त्यांनी ते कधी लपवलंही नाही. “हलवायाला म्हस पिळता आलीच पायजे असं न्हाई,” म्हणायचे. चौथी मी. सॉफ्टवेअर कसं वापरायचं हे सांगणाऱ्या मराठी पुस्तिका आणि पडद्यावरचा मजकूर लिहिणं हे माझं काम.

हे काम मला कसं मिळालं ते सांगते. माझे वडील एमआयडीसीत कामगार आणि युनियनचे कार्यकर्ते. आमच्या तळेगाव ढमढेऱ्याच्या घरात पत्रकांचे गठ्ठे धान्याच्या पोत्यांसारखे रचलेले असायचे. मला अक्षरओळख झाली तीच त्या पत्रकांवरून. ‘अन्याय’ हा शब्द मला ‘आंबा’च्या आधी वाचता येत होता. त्यामुळं सरांनी पहिली पुस्तिका लिहायला दिली, ती मी मला येत होती त्याच भाषेत लिहिली: ‘सभासदहो, जागे व्हा! आपला पासवर्ड दुसऱ्याच्या हाती देऊ नका!’ सरांनी ती उभ्यानं वाचली.

“मॅडम, अंगावर काटा आला. हे वाचून मानूस पासवर्डासाठी जीव दील.”

मी तिथंच व्हाइस प्रेसिडेंट झाले.

सरांचं एक वैशिष्ट्य सगळ्या तालुक्याला माहीत होतं. ते कुणालाही कधी नाही म्हणत नसत. काहीही मागा, उत्तर एकच: “करू की!” त्या ‘की’वर ते असा जोर द्यायचे, की समोरच्याला वाटावं, आपण फारच थोडं मागितलं.

एकदा एका मंगल कार्यालयाचे मालक आले. त्यांना बुकिंगचं सॉफ्टवेअर हवं होतं, पण एक अट होती. एका मुहूर्ताला दोन लग्नं घेता आली पाहिजेत.

रुबीनानं विचारलं, “काका, हॉल एकच आहे ना?”

“हाय एकच. पन ऐनवेळी एखादं मोडतंय की.”

“आणि नाही मोडलं तर?”

“मॅडम, शुभ बोला,” असं तिला दटावून सर मालकांकडं वळले. “करू की!”

वैशाखात दोन नवरदेव दोन घोड्यांवरून एकाच कमानीखाली आले. दोन्हीकडचे डीजे एकमेकांवर भुंकू लागले. मालकांचा फोन आला तेव्हा सर ‘टेक्निकल सपोर्ट’ म्हणून स्वतः गेले. त्यांनी हॉलच्या मधोमध एक पडदा ताणला, दोन्ही बाजूंना हात जोडले, दोन्ही बाजूंच्या आज्ज्यांच्या पाया पडले आणि एकाच मंगलाष्टकात दोन्ही लग्नं लावून टाकली. अक्षता कुणाच्या कुणावर पडल्या. सर परत आले ते दोन्हीकडचं जेवून. ढेकर देत म्हणाले, “सिस्टीम लोड झेलतीय.”

एका शाळेच्या संस्थाचालकांना असं प्रगतिपुस्तक हवं होतं, ज्यात कमिटी मेंबरांची मुलं ‘उत्तम’च्या खाली घसरणार नाहीत. करू की. एका दूध संकलन केंद्राला असा काटा हवा होता, जो सरपंचांच्या किटलीशी अदबीनं वागेल. करू की. मी संतापायचे. टेबलावर मूठ आपटायचे. सर माझी मूठ हळूच बाजूला सरकवून तिच्याखालचा चहाचा कप वाचवायचे.

“नियम भिंतीला लावायचा,” ते म्हणायचे, “आन् अपवाद खिशात ठेवायचा. तवा गाव चालतं.”

या तत्त्वज्ञानातूनच आमच्या कंपनीचं ते प्रसिद्ध बटण जन्माला आलं. आमच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ते असायचंच. पडद्याच्या कोपऱ्यात, हिरवं, त्यावर जोडलेल्या हातांचं चित्र. ज्याच्या हातात कारभार, त्यालाच ते दिसायचं. ते दाबलं की सॉफ्टवेअरचा नियम तेवढ्यापुरता बाजूला व्हायचा आणि दाबणाऱ्याचं काम पुढं सरकायचं. त्या बटणाला सरांनी नाव दिलं होतं ‘माणुसकी’.

त्या नावावरून माझं आणि त्यांचं कडाक्याचं भांडण झालं.

“सर, ज्याच्या हातात बटण त्यालाच माणुसकी? आणि ज्याचं काम मागं पडतं त्याचं काय?”

“त्यो बिचारा समजून घेतो.”

“का घेतो समजून?”

“सवय असती त्याला.”

हे ते कुचेष्टेनं म्हणाले नाहीत. ऊन आहे, सावली आहे, तशी काही माणसांना सवय आहे, एवढंच. म्हणून तर मला अधिक राग आला. बाहेर काचेची टोलेजंग इमारत बांधून आत हेच करणाऱ्या कंपन्या मला ठाऊक आहेत. त्या या बटणाला इंग्रजी नाव देतात आणि खिशात न ठेवता तिजोरीत ठेवतात, एवढाच फरक. पण त्यांच्याविषयी पत्रक काढता येतं. ज्या माणसानं सकाळी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी आपल्यापुढं सारलेली असते, त्याच्याविषयी पत्रक कसं काढायचं?

सर असे का, याचं उत्तर त्यांनी एकदा एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहताना दिलं. तरुणपणी ते पुण्यात नोकऱ्या शोधत हिंडले होते. एका कंपनीत काउंटरवरच्या बाईनं कागद न उघडताच ‘नो’ म्हटलं.

“मॅडम, त्या ‘नो’चा आवाज अजून कानात हाय. लायटी जाऊन पंखा बंद पडतो ना, तसा. त्याच दिशी ठरवलं. कवा आपली कंपनी निघाली, तर आपल्या दारातनं कुनाला तसला आवाज ऐकू जानार न्हाई.”

म्हणून आमच्या दारातून सगळ्यांना ‘करू की’ ऐकू जायचं. त्यात सरपंच, चेअरमन, अध्यक्ष यांचा आवाज मोठा असल्यानं त्यांना ते जास्त ऐकू जायचं, हा भाग सरांच्या लक्षात आला नव्हता.

मग आली पाणीवापर संस्था. कालव्याचं पाणी एका चारीवरच्या, म्हणजे कालव्यातून निघालेल्या एका पाटावरच्या शेतकऱ्यांनी आपसात पाळीनं वाटून घ्यायचं, त्यासाठीची ती संस्था. कालवा सुटला की मोजके दिवसच वाहतो. त्या दिवसांत चारीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत प्रत्येकाची पाळी यायला हवी. वरच्यानं ठरल्यापेक्षा जास्त घेतलं की शेवटच्याच्या वाट्याला ओली माती येते, पाणी येत नाही. संस्थेच्या अध्यक्षांचा ऊस चारीच्या अगदी तोंडाशी होता. चारीच्या अगदी शेवटी, टेलला, रुबीनाच्या अब्बांचं शेत होतं.

त्या शेतात त्या वर्षी डोंगळा होता, म्हणजे बियाण्यासाठी लावलेला कांदा. कांद्याला उंच दांडे येतात, त्यावर पांढऱ्या फुलांचे गोंडे येतात आणि त्या गोंड्यांत बी भरतं. रुबीना सांगायची, “बी भरायच्या वेळेला एक पाणी लागतं. ते चुकलं की गोंडा दिसायला तसाच, पण चोळला की नुसता भुसा.” तिच्या धाकट्या भावाचं पुढचं शिक्षण, घरावरचा पत्रा, सगळं त्या एका पाण्यावर टेकलेलं होतं. आणि त्या पाण्याची पाळी ठरवणारं सॉफ्टवेअर लिहायचं काम तिच्याच टेबलावर आलं.

अध्यक्ष मागण्या घेऊन आले. पांढरा शर्ट, पांढरी विजार, पांढरे बूट. बोटांतल्या अंगठ्या तेवढ्या रंगीत.

“पाळ्या कॉम्प्युटरनं लागल्या पायजेत,” ते म्हणाले. “म्हंजी कुनाला बोलायला जागा न्हाई राह्यली पायजे.”

“करू की, आबा.”

“आन् ते तुमचं माणुसकीचं बटन. ते मला पायजे.”

“ते तर कंपनीकडनं फ्री हाय.”

“आन् अजून एक. मी एवढी कामं करतो, ती सभासदांपर्यंत पोचतच न्हाईत. मी कायबी केलं, की सगळ्यांच्या मोबाइलवर अभिनंदनाचा मेसेज गेला पायजे. आपोआप.”

सरांचे डोळे चमकले. “आबा, हे तर तालुक्यात कुनाच्या डोक्यात आलं नव्हतं. करू की!”

मेसेजचा मजकूर मी लिहिला: ‘आपल्या संस्थेचे लोकप्रिय अध्यक्ष यांनी आज अमुक हे कार्य पार पाडले. त्याबद्दल त्यांचे हार्दिक अभिनंदन! आपले, समस्त सभासद.’ ‘अमुक’च्या जागी त्या त्या बटणानं काय होतं ते आपोआप भरलं जायचं. ते वर्णन रुबीनाला लिहायचं होतं.

ती म्हणाली, “सर, मेसेज कोणकोणत्या बटणांना लावू?”

“सगळ्या! आबांची एकबी कामगिरी सुटता कामा नये.”

“माणुसकीलाही?”

“मानुसकीला तर आधी लाव! तीच तर खरी कामगिरी. आन् वर्णन साध्या मराठीत लिव्ह. शेतकऱ्याला कळलं पायजे.”

रुबीनानं साध्या मराठीत लिहिलं. माझ्याकडं तपासायला आलं. शुद्धलेखन बरोबर होतं, वाक्य खरं होतं. मी हात लावला नाही. सरांनी आमच्या कंपनीच्या रीतीप्रमाणे सॉफ्टवेअर तपासलं, म्हणजे पडद्याला हळदकुंकू लावलं आणि उदबत्ती ओवाळली.

उद्‌घाटनाला अध्यक्षांनी ‘चारी साफसफाई’चं बटण दाबलं. सगळ्यांचे फोन वाजले, टाळ्या पडल्या. सरांना शाल मिळाली. ती शाल त्यांनी दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या सर्व्हरला पांघरली.

फेब्रुवारीत कालवा सुटला. पाळ्या वरून खाली सरकू लागल्या आणि ऐन टेलची पाळी आली त्या सकाळी आमच्या ऑफिसात रुबीनाचा फोन वाजला. अब्बांच्या नावापुढं तिनं आपलाही नंबर जोडलेला होता. तिनं वाचलं आणि फोन माझ्यापुढं सरकवला.

‘आपल्या संस्थेचे लोकप्रिय अध्यक्ष यांनी आज शेवटच्या शेताची पाळी थांबवून ते पाणी स्वतःच्या उसाला घेणे हे कार्य पार पाडले. त्याबद्दल त्यांचे हार्दिक अभिनंदन! आपले, समस्त सभासद.’

मी हसायला लागले. मग रुबीनाच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि हसू गिळलं. “मेसेज आला ते ठीक,” ती म्हणाली, “पण पाणी गेलं ना. उद्या दुपारी आमची एकच पाळी उरलीय, परवा कालवा बंद होणार.”

दुसऱ्या दिवशी आमच्या तळेगावचा बाजार होता. मी आईबरोबर मेथी घेत होते आणि अध्यक्ष बाजारातून चालले होते. त्यांच्या फोनवरचे मेसेज त्यांचा पुतण्या बघायचा, त्यामुळं त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. एक फेटेवाला म्हातारा आडवा आला, हात जोडून म्हणाला, “अभिनंदन, आबा!”

“तुमचा आशीर्वाद,” अध्यक्ष म्हणाले.

“न्हाई, न्हाई. हे काम तुमीच करू जाने.”

पुढं वांगीवाला उठला. “आबा, हार्दिक अभिनंदन!”

“सगळी जनतेची सेवा हाय.”

“सेवा तर हायेच. उसाची.”

अध्यक्ष मान डोलावत, नमस्कार घेत मिरच्यांच्या ढिगाशी पोचले. तिथल्या मावशी फटकळ. त्यांनी लेकाच्या हातातला फोन हिसकावला आणि म्हणाल्या, “वाच रं मोठ्यानं, आबांना बी ऐकू दे.” त्यानं वाचलं. तोपर्यंत भोवती गर्दी झाली होती, आणि शेवटच्या ‘हार्दिक अभिनंदन’ला सगळ्या बाजारानं टाळ्या वाजवल्या.

अध्यक्ष तिथून थेट शिरूरला आमच्या माडीवर आले. मी त्यांच्या मागोमाग जीपनं पोचले, तेव्हा आवाज खाली खतांच्या दुकानापर्यंत येत होता.

“माझी आब्रू काढली तुमी!”

सर खरोखर गोंधळलेले होते. “आबा, तुमीच म्हनला, कायबी केलं की मेसेज…”

“कायबी म्हंजी चांगलं काय!”

“मग ते मानुसकीचं बटन…”

“बटन ऱ्हाऊ द्या! बटन मला पायजे. मेसेज बंद करा. आजच्या आज. मला दुपारी परत पानी घ्यायचंय, ऊस अर्धाच भिजलाय. झालं की फोन करतो, तवा मला ‘झालं’ असं ऐकू आलं पायजे. न्हाईतर तालुक्यात एक संस्था तुमाला दारात उभं करनार न्हाई.”

सर म्हणाले, “करू की, आबा.”

अध्यक्ष गेले. सर रुबीनाकडं वळले. “मॅडम, तेवढं मेसेजचं…”

“मी नाही करणार, सर.”

माडीवर तो शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला असावा. सर पंख्याकडं बघायला लागले.

“माझ्या अब्बांचं पाणी घेतलं त्यांनी,” रुबीना म्हणाली. “आज परत घेणार. निदान घेतलं हे लोकांना कळतंय तरी. तेही मीच पुसू? तुम्हाला हवं तर तुम्ही करा.”

सर तिच्या खुर्चीत बसले. कीबोर्डकडं त्यांनी असं पाहिलं, जसं परक्याच्या ताटाकडं पाहतात. मग उठले. “वडील कुठं असतील आता? रानात? चला. त्यांच्याशी बोलतो. वडलांनी सांगितलं की लेक ऐकती.”

मला त्यांची इतकी शरम कधी वाटली नव्हती. ज्याचं पाणी चोरलं, त्यालाच जाऊन सांगायचं की बाबा रे, चोरी झाकायला पोरीला सांग. वाटेत मी त्यांना हे सगळं सुनावलं. भाड्याच्या जीपमध्ये ते पुढं बसले होते. मागं वळले नाहीत. रुबीना खिडकीबाहेर बघत होती.

निमोण्याच्या त्या रानात मी पहिल्यांदाच गेले. कोरड्या चारीच्या कडेनं चालत आम्ही बांधावर आलो आणि समोर एकदम पांढरंच पांढरं. कमरेएवढ्या दांड्यांवर हजारो गोंडे, आणि सगळ्या शेतातून एकच अखंड गुणगुण. मधमाश्या. रुबीनाचे अब्बा, त्यांना सगळे चाचा म्हणत, बाभळीखाली बसले होते. उठून त्यांनी सरांना पोतं अंथरून दिलं, थर्मासमधला चहा दिला.

“या साहेब. पोरीची कंपनी तुमची न्हवं? लई नाव घेती तुमचं.”

सर चहात फुंकर मारत राहिले. मग म्हणाले, “लई माश्या हायेत.”

“त्यांच्यामुळंच बी धरतं. म्हनून फवारा मारत न्हाई मी. त्यांनी त्यांचं काम केलं. मीबी केलं.” चाचांनी एक गोंडा वाकवून सरांच्या हातात दिला. “हे बगा. आता दूध भरतंय दाण्यात. दाबा.”

सरांनी चिमटीत दाबलं. बोटाला पांढरं लागलं.

“आता एक पानी बसलं, की झालं.”

“मग पानी कवा येनार?” सरांच्या तोंडून निघून गेलं.

चाचा हसले. त्या हसण्यात टोमणा नव्हता, असता तर बरं झालं असतं. “ते मला काय म्हाईत, साहेब? ते तुमालाच म्हाईत. आता पाटातनं येत न्हाई, तुमच्या कॉम्प्युटरमधनंच येतंय की.”

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. अध्यक्ष. त्यांचा आवाज बांधावर आम्हा सगळ्यांना ऐकू आला. “झालं का?”

सरांनी आमच्याकडं पाहिलं नाही. ते आपल्या बोटाकडं पाहत होते.

“व्हय आबा,” ते म्हणाले. “झालं.”

“मेसेज बंद?”

“एकदम बंद. दाबा बिनधास्त.”

फोन ठेवून त्यांनी उरलेला चहा संपवला. रुबीना माझ्याकडं बघत होती आणि मी तिच्याकडं. काहीच झालेलं नव्हतं. मेसेज होता तिथंच होता.

थोड्याच वेळात चाचांच्या खिशात आवाज झाला. मग रुबीनाच्या हातात. मग शेजारच्या रानात कुणीतरी ओरडलं, “आलं का रं अभिनंदन?” आणि त्याच्या पलीकडून उत्तर आलं, “आलं! चला!”

आम्ही चारीच्या वरच्या दारापाशी पोचलो तेव्हा तिथं खालच्या रानांतली बरीच माणसं जमली होती. बायका डोक्याला पदर गुंडाळून आल्या होत्या. दाराचं चाक फिरवणारा पाटकरी मध्ये उभा होता.

“मला सोडा, बाबांनो,” तो म्हणत होता. “मला वरनं मेसेज आलाय, पानी वरच्या उसाकडं घ्या म्हनून.”

चाचांनी आपला फोन पुढं केला. “मलापन आलाय. माजी पाळी थांबवल्याचा. माज्याच वतीनं माज्याच पाळीचं अभिनंदन केलंय बग.”

हशा झाला, पण कुणी हललं नाही. पाटकऱ्याची नजर गर्दीत फिरली आणि सरांवर थांबली. उद्‌घाटनाला शाल घेतलेला माणूस त्यानं ओळखला.

“कंपनीवालं साहेब, तुमीच सांगा. मशिनीचं काय म्हननं हाय?”

सगळे सरांकडं वळले. मला ठाऊक होतं, या माणसानं आयुष्यात कधी गर्दीपुढं बाजू घेतलेली नाही; त्यानं फक्त मध्ये पडदा ताणलेला आहे.

“मशिनीचं राहू द्या,” सर अगदी हळू म्हणाले. “पाळी कुनाची हाय?”

“चाचांची.”

“मग?”

पाटकरी चाकाकडं वळला. मग त्यानं चाकाला दोन्ही हात घातले आणि एका बाईनं पुढं होऊन तिसरा लावला.

त्या संस्थेचं काम आमच्या हातून गेलं, आणि तिच्यामागोमाग आणखीही काही गेली. कार्डावरची शिरूर शाखा सरांनी पेनानं खोडली. मी त्यांना नंतर पुष्कळदा विचारलं, की त्या दिवशी तुम्ही ठरवून केलंत ना? मला तसं लिहायचं होतं. दर वेळी त्यांनी एकच उत्तर दिलं. “न्हाई ओ मॅडम. आबा विचारत होते, मी व्हय म्हनलो. कुनाला दुखवायचं न्हवतं.” या माणसाचं काय करावं, हे कुठल्याच पत्रकात दिलेलं नाही.

पण त्या दुपारी पाणी चारीतून खाली निघालं, तेव्हा आम्ही त्याच्याबरोबर चालत आलो. पाण्याच्या तोंडाशी काटक्या, पालापाचोळा आणि फेस होता. कोरडी माती ते पीत होती आणि ते पुन्हा पुढं सरकत होतं. शेताशी आल्यावर चाचांनी विजार खोचली, खोरं घेतलं आणि पहिल्या सरीचं तोंड फोडलं. पाणी उलट्या बाजूला, पडीक तुकड्यात पळायला लागलं.

“साहेब, तेवढं तिकडचं दार धरता का? पाय ठिवा नुसता आडवा. मी हिकडं माती वडतो.”

सरांनी बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले आणि विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. मग पाण्यात उतरून त्यांनी त्या फटीत पाय आडवा धरला. त्यांच्या शर्टाच्या खिशात फोन वाजायला लागला. अध्यक्षांचाच असणार. सवयीनं त्यांचा हात खिशाकडं गेला, तोल जाऊन पाय उचलला गेला, आणि पाणी भसकन पडीकात घुसलं.

“अवो साहेब!” चाचा सरीतून ओरडले. “हलू नका! आता हलू नका तुमी!”

सरांनी हात खाली घेतला आणि दोन्ही पाय चिखलात रोवले. फोन वाजत राहिला. पाणी त्यांच्या पोटऱ्यांना धडकलं, तुंबलं, वळलं आणि डोंगळ्यात शिरलं.